ज्यांनी भिंतीची पट्टी उलटी फिरवली, त्यांना

मायन्यात ‘प्रिय’ लिहीत नाही, कारण तसं वाटत नाही. तुमचं नाव मला ठाऊक नाही. मॉडेलच्या फाइलवर नुसती आद्याक्षरं होती आणि त्यांवरून माणूस हुडकत बसावं असं मला वाटलं नाही. पण तुम्ही काय केलंत, कोणत्या क्रमाने केलंत, हे त्या फाइलमध्ये इतकं स्वच्छ उमटलं आहे की, तुमच्या खुर्चीमागे उभं राहून पाहिल्यासारखं मला ते सांगता येतं. चारचौघांत सांगते आहे, कारण तुम्ही एकटे नाही. आज संध्याकाळी घरी जायच्या घाईत आणखी कोणीतरी हेच करत असणार.

इमारत आठवते का? कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातलं ग्रंथालय. आरसीसीचा सांगाडा, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, बाहेरून गिलावा, तीन मजले. प्रत्येक मजल्याच्या पातळीवर इमारतीला चारी बाजूंनी कंबरपट्ट्यासारखी फिरणारी एक पट्टी. उंची १५० मिलिमीटर, भिंतीपासून ७५ मिलिमीटर बाहेर. तिन्ही मजल्यांची मिळून लांबी १८६ मीटर. रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं मॉडेल ज्यात केलंत त्या सॉफ्टवेअरमध्ये, ती तुम्ही ‘वॉल स्वीप’ म्हणून बसवलीत. तुमच्या लेखी ती शोभेची रेघ होती. तिथून पुढचं सगळं बिघडलं.

ती शोभेची नव्हती. मूळ वास्तुविशारदांचं हाताने काढलेलं स्केच त्याच फाइलींच्या गठ्ठ्यात आहे. त्यात पट्टीचं वरचं अंग भिंतीकडे उंच आणि बाहेर उतरतं दाखवलं आहे, आणि खालचं अंग सपाट. त्या सपाट अंगाला, पुढच्या कडेपासून २० मिलिमीटर आत, १२ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर खोल अशी एक खाच. स्केचमध्ये खाचेपाशी बाण काढून पाण्याचा एक थेंब दाखवलाय. थेंब! याहून साफ कोणी कसं सांगायचं?

पाणी नुसतं खाली पडत नाही, ते चिकटतं. छज्ज्याच्या कडेवरून ओघळलेलं पाणी खालच्या अंगाला धरून उलट आत, भिंतीकडे सरकतं. पृष्ठताणामुळे ते सपाट तळाला चिकटून राहतं. वाटेत खाच आली की त्याचा धर सुटतो आणि तिथून ते पागोळीसारखं सरळ जमिनीवर टपकतं. त्या चिमूटभर खाचेमुळे भिंत कोरडी राहते. वरच्या उताराने पाणी बाहेर काढायचं आणि खालच्या खाचेने ते तोडायचं, एवढंच त्या पट्टीचं काम. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जांभा हा मुळातच सच्छिद्र दगड आहे. तिथे या १८६ मीटरांवर सगळी इमारत भिस्त ठेवून उभी होती.

आता तुमचं काम सांगते.

रेव्हिटमध्ये भिंतीच्या पट्टीचा आकार म्हणजे ‘प्रोफाइल’. तो वेगळ्या फाइलमध्ये काढायचा असतो. तिथे एकमेकांना छेदणाऱ्या दोन संदर्भरेषा असतात आणि त्या जिथे छेदतात तो बिंदू पुढे प्रकल्पात भिंतीच्या बाह्यांगावर येऊन बसतो. उभ्या रेषेच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोकळी हवा. तुम्ही आकार बिनचूक काढलात. उतार वर, खाच खाली, मापं स्केचबरहुकूम. फक्त तो भिंतीच्या बाजूला काढलात. प्रकल्पात घातल्यावर पट्टी भिंतीच्या पोटात गेली आणि बाहेर काहीच दिसेना. इथवर तुमची चूक चूक म्हणण्याजोगीही नाही. नव्याने शिकणारा प्रत्येक जण एकदा तरी ही बाजू चुकवतोच.

मग तुम्ही प्रोफाइलची फाइल पुन्हा उघडलीत, सगळ्या रेषा निवडल्यात आणि त्या छेदबिंदूभोवती १८० अंशांत फिरवल्यात. आकार भिंतीबाहेर आला. तुम्ही सुटकेचा श्वास सोडला असेल.

फिरवणं आणि आरशात पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो! तुम्हाला हवं होतं उभ्या रेषेतलं प्रतिबिंब, म्हणजे ‘मिरर’. त्यात डावीकडचं उजवीकडे जातं, पण डोकं वर आणि पाय खालीच राहतात. १८० अंशांत फिरवलं की डावं उजवीकडे जातं आणि त्याच दमात वरचं खालीही येतं. तुम्ही एक दोष काढलात आणि तसाच दुसरा घातलात. शाळेच्या भूमितीत एका कागदावर ‘फ’ काढून पाहिला असता तरी हे समजलं असतं. दोन्ही आज्ञांची बटणं त्याच ‘मॉडिफाय’च्या पट्ट्यावर असतात. त्या दोन बटणांमधल्या बोटभर अंतरात एका ग्रंथालयाच्या भिंती ओल्या झाल्या.

पण याच्याही पुढचं पाऊल मला जास्त लागलं. फिरवल्यावर आकार छेदबिंदूच्या वर न राहता खाली लोंबायला लागला, म्हणजे पट्टी ठरलेल्या पातळीपेक्षा १५० मिलिमीटर खाली गेली. ते तुमच्या लक्षात आलं. गुणधर्मांच्या रकान्यात पातळीपासूनच्या अंतरात तुम्ही १५० ची भर घातलीत आणि पट्टी पुन्हा जागेवर आणलीत. तिन्ही मजल्यांवर तो १५० चा आकडा मला दिसला आणि सगळा उलगडा त्यावरून झाला. तुम्हाला उलटसुलट कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आकार खाली का उतरला, हा प्रश्न तुमच्यासमोर येऊन उभा राहिला होता. त्याचं उत्तर शोधायला एक सेक्शन, म्हणजे उभा छेद, पुरला असता. तुम्ही आकडा टाकून त्या प्रश्नाचं तोंड बंद केलंत.

दिसत नव्हतं, असं तुम्ही म्हणाल. दर्शनी नकाशात ते दिसणारच नव्हतं, हे मी मान्य करते. १:१०० च्या प्रमाणात १५० मिलिमीटरची पट्टी कागदावर दीड मिलिमीटरची होते. दोन समांतर रेषा, बस्स. डोकं वर की खाली, हे त्या दीड मिलिमीटरात देवालाही सांगता येणार नाही. पण वॉल स्वीप बसवताना रेव्हिट तुम्हाला प्लॅनमध्ये बसवूच देत नाही, दर्शनी दृश्यात किंवा त्रिमितीतच जावं लागतं. म्हणजे तुम्ही त्रिमितीत होतात किंवा तिच्या उंबरठ्यावर होतात. मॉडेल जरा कलतं करून खालून वर पाहायचं, एवढंच बाकी होतं. पक्षी वरून बघतो तसं आपण मॉडेल वरून बघत राहतो. इमारतीकडे माणूस मात्र रस्त्यावरून, मान वर करून बघतो, आणि पट्टीचा पोटाकडचा भाग त्यालाच दिसतो.

उलट्या पट्टीने काय केलं, ते तुम्ही पाहिलं नाहीत. मी पाहिलं. खाच वर गेली आणि १८६ मीटर लांबीची पन्हाळ झाली, जिला ना उतार ना तोंड. मी हिशेब केला: ती एकदा भरली की साधारण २२ लिटर पाणी धरते. ऐकायला एका बादलीच्या हिशेबाचं आहे. पण ते भिंतीलगतच उभं राहतं, आणि कोकणातल्या आषाढात सरीमागून सर येऊन ते पुन्हा पुन्हा भरतं. खालचं अंग आता भिंतीकडे उतरतं झालं होतं. म्हणजे कडेवरून ओघळून तळाला चिकटलेल्या पाण्याला तुम्ही भिंतीपर्यंत जायची घसरगुंडीच करून दिलीत. एका पट्टीने दोन वाटांनी पाणी आत घेतलं. पट्टीशिवाय नुसती सपाट भिंत असती तरी बरी टिकली असती.

ओल कुठून येते ते बघायला मला बोलावलं तेव्हा गणपती होऊन गेले होते. पहिल्या मजल्यावरच्या संदर्भ विभागात शिरताच वास आला. भिंतीला खांद्याच्या उंचीपर्यंत ओल होती, गिलाव्याचे पोपडे सुटले होते. ग्रंथपाल बाईंनी कपाटं ओढून खोलीच्या मध्यभागी आणली होती आणि जुन्या मासिकांचे बांधीव अंक टेबलांवर उघडे करून पंख्याखाली ठेवले होते. एकेक अंक हातात घेऊन त्या पानांमध्ये कोरडे कागद घालत होत्या. कापडी बांधणीवर पांढरी बुरशी होती. “इतकी वर्षं जुन्या कौलारू इमारतीत होते, एक पान भिजलं नाही,” एवढंच त्या म्हणाल्या. मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही तिथे असता तर तुम्हाला आलं असतं का?

आणि गवंड्याला समजलं होतं, हेही तुम्हाला सांगायला हवं. साइटवर तुमच्या मॉडेलमधूनच पूर्ण मापाचा छेद छापून गेला. त्यावर पत्रा ठेवून फर्मा कापला, तो ओढायच्या घोडीवर ठोकला आणि ओल्या गिलाव्यावरून ओढत पट्टी काढली. पत्रा कापतानाच त्या गवंड्याने विचारलं होतं, “सायेब, ही खाच वर कशापायी? पानी ऱ्हाईल ना तितं.” त्याला उत्तर मिळालं, ड्रॉइंगमध्ये आहे तसं करा. हे उत्तर देणाऱ्या साइट इंजिनिअरचाही मला राग आहे, पण त्याच्या हातातलं ड्रॉइंग तुमच्या हातून आलं होतं. ज्याने आयुष्यभर ओळंबा आणि पाणसळ घेऊन काम केलं, त्याचं म्हणणं संगणकातून छापून आलेल्या कागदापुढे हरलं. तुमच्या कागदावर केवढा विश्वास टाकला जातो, याची तुम्हाला कल्पना आहे का? असेल तर तो कागद छापण्याआधी डोळे उघडून बघायची जबाबदारी कोणाची?

प्रोफाइलला तुम्ही दिलेलं नाव होतं ‘प्रोफाइल २ फायनल’.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण निम्मा घोटाळा त्या नावात आहे. आपल्याकडे दगडाच्या थरांना नावं द्यायची फार जुनी रीत आहे. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं. अशा देवळांच्या भिंतींच्या पायथ्याशी एकावर एक चढत जाणारे थर असतात: खुर, कुंभ, कलश, कपोताली. कुंभ म्हटलं की तो पालथा बसवायचं कोणाच्या मनात येणार नाही. खुर जमिनीलाच टेकणार. कपोताली वळचणीसारखी पुढे झुकणार आणि पाणी बाहेर टाकणार. कोणती बाजू वर आणि कोणती खाली, हे नावच सांगतं. ‘कंगोरा’ हा शब्द आपण बोलताना विषयाला लावतो, पण मुळात तो दगडाच्या, लाकडाच्या कडेचा. अमुक गोष्टीला अनेक कंगोरे आहेत म्हणताना आपण कबूल करत असतो की, ती कुठूनही बघून चालत नाही. तुमच्या ‘२ फायनल’ला मात्र डोकं नाही, पाय नाही, कामही नाही. ज्या वस्तूला असं नाव पडलं ती कशीही फिरवली तरी कोणाला खटकणार कशी?

दोष सॉफ्टवेअरचा म्हणून हात झटकू नका. रेव्हिटमध्ये पन्हाळ, छपराची फॅसिया, स्लॅबची कड यांना गुणधर्मांत कोनाची चौकट असते. तिथे आकडा घातला की आकार तेवढा कलतो. भिंतीच्या पट्टीला ती चौकट नाही. हे अनेकांना जाचतं. पट्टी जरा कलती करायची तर प्रोफाइलच्या फाइलमध्ये जाऊन आकारच बदलावा लागतो. पण मला ते योग्य वाटतं. पन्हाळ छपराच्या कलाप्रमाणे थोडी वळवावी लागते. भिंतीला चिकटलेल्या पट्टीचा कोन हा तिच्या घडणीचाच भाग आहे, तो मागाहून पिळायचा स्क्रू नव्हे. प्रोफाइलपर्यंत परत जायला लावून सॉफ्टवेअरने तुम्हाला विचार करायची एक संधी दिली होती. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही फार वेगळं नाही. स्केचअपच्या ‘फॉलो मी’ने कॉर्निस ओढताना आकाराचा चेहरा वाटेला काटकोनात आणि सुलट ठेवायची जबाबदारी काढणाऱ्याचीच असते.

आणि हेही लक्षात घ्या की, रेव्हिट जन्माला आलं तेच एका वचनावर. १९९७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ते घडवणारी कंपनी सुरू झाली, २००० साली सॉफ्टवेअर बाजारात आलं आणि २००२ साली ऑटोडेस्कने ते विकत घेतलं. एका जागी बदल केला की तो सगळीकडे आपोआप व्हावा, हे ते वचन. हाताने नकाशे काढायच्या काळात एखाद्याने एका छेदात पट्टी उलटी काढली असती, तर उरलेल्या छेदांनी चुगली केली असती. तुमच्या एका फिरवण्याने तिन्ही मजले, चारी बाजू, सगळे छेद एकाच क्षणी उलटे झाले, आणि एकमेकांशी तंतोतंत जुळले. कोणत्याही दोन कागदांत विसंगती उरली नाही. असं हत्यार हाती घेणाऱ्याचं पूर्वीच्या ड्राफ्ट्समनपेक्षा कमी बघून भागेल की त्याने जास्त बघायला हवं?

कोपऱ्यांबद्दलही बोलते, पण थोडक्यात. सलग भिंती एकापाठोपाठ निवडत गेलात की पट्टी कोपऱ्यावर नीट जुळते. तुम्ही उत्तरेच्या भिंतीवर मध्येच थांबून नवी पट्टी सुरू केलीत. तिथे दोन तुकडे एकमेकांत घुसले आहेत. प्रवेशाच्या कमानीजवळ पट्टी जिथे संपते, तिथे तिचं टोक भिंतीकडे वळवून घ्यायला ‘मॉडिफाय रिटर्न्स’ आहे. ते न केल्याने कापलेला पाव दिसतो तसं तिचं पोट उघडं राहिलं. हे गवंड्याने स्वतःच्या अकलेने सावरलं. तुमच्या कागदावर ते अजून तसंच आहे.

सावलीचं मात्र कोणालाही सावरता आलं नाही. भिंतीवरची पट्टी आपल्याला दिसते ती तिच्या सावलीमुळे. आपल्याकडे दुपारचं ऊन जवळजवळ डोक्यावरून येतं आणि सपाट तळाची धारदार कड भिंतीवर एक ठळक काळी रेघ ओढते. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या आणि ओव्हल मैदानाच्या कडेच्या आर्ट डेको इमारती बघा. २०१८ साली युनेस्कोने तिथल्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह त्यांना जागतिक वारशात घेतलं. त्यांच्या आडव्या पट्ट्या आणि खिडक्यांवरचे भुवईसारखे छज्जे यांनीच त्या दर्शनांना गती आणली आहे. त्याच भुवया खिडकीवरचं ऊन आणि पावसाची झोडही अडवतात. रूप आणि काम तिथे वेगळं काढता येत नाही. तुमच्या उलट्या पट्टीचा तळ तिरपा झाल्याने सावलीची धार गेली. समोरच्या पटांगणातून ग्रंथालय बघितलं की इमारत सुजल्यासारखी दिसायची, आणि का ते कोणाला सांगता येत नव्हतं.

मला तुमच्याकडून माफी नको. ती ग्रंथपाल बाईंना मागायची असेल तर जरूर जा, आणि अंकांच्या पानांत कागद घालायला दोन दिवस बसा. मला हवं आहे ते वेगळंच. तुमच्या ऑफिसच्या संग्रहात तो ‘प्रोफाइल २ फायनल’ अजून असणार. तो पुढच्या इमारतीत जाईल, मग त्याच्या पुढच्या. आज संग्रह उघडा, तो काढून टाका. नवा आकार काढा, संदर्भरेषांजवळ ‘भिंत’ आणि ‘हवा’ असे दोन शब्द लिहून ठेवा, आणि फाइलच्या नावातच येऊ द्या: उतार वर, खाच खाली. मग पट्टी बसवून एक सेक्शन १:५ ला काढा आणि त्यावर बोट फिरवत पाण्याचा एक थेंब चालवून बघा. तो कुठे जातो ते बघितल्याशिवाय शीट पाठवू नका. पाच मिनिटांचं काम आहे.

इकडचं सांगायचं तर, तुळशीच्या लग्नानंतर परांची बांधली. १८६ मीटर पट्टी छिन्नीने फोडून काढली आणि भिंती सुकायला मोकळ्या सोडल्या. खर्च ग्रंथालयाने वर्गणी काढून केला. पट्टी पुन्हा काढायची वेळ आली तेव्हा मी दुरुस्त केलेला छेद घेऊन गेले, नवा फर्मा कापायला पत्राही सोबत नेला होता. तोच गवंडी होता. त्याने माझा कागद घेतला, जुना फर्मा घोडीवरून उचकटला, पत्रा आडव्या रेषेत पालथा केला आणि कागदावर ठेवला. रेघेला रेघ जुळली. खाच खाली, उतार वर. त्याने तोच पत्रा पुन्हा घोडीवर ठोकला आणि कामाला लागला. मृगाच्या आधी तिन्ही मजले पुरे झाले.

कळावे.